रंगाचा शेजार

झेब्राफिशचं अंडं जेमतेम 0.7 मिलिमीटरचं असतं आणि पूर्ण पारदर्शक. आमच्या प्रयोगशाळेत पहाट टायमरवर होते. दिवे लागतात, रात्रभर नर आणि मादीच्या मध्ये असलेला आडपडदा आम्ही काढतो, आणि थोड्याच वेळात टाकीच्या तळाशी अंडी जमायला लागतात. एका मादीची शंभर-दोनशे सहज. ती गाळून 28.5 अंश तापमानात ठेवली की पुढचं सगळं डोळ्यांदेखत घडतं. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, मग मोजदाद सुटते. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला डोकं कुठे आणि शेपूट कुठे हे ठरलेलं असतं, अंग मधूनच झटका देतं, हृदय धडधडायला लागलेलं असतं. या सगळ्याला अजून रंग नसतो. जीव आधी येतो, रंग मागाहून.

हा मागाहून येणारा रंग माझ्या कामाचा विषय आहे. आधी डोळ्याच्या पडद्यात एक करडी छटा उतरते. मग डोक्यावर आणि पाठीवर बारीक काळे ठिपके दिसू लागतात. भिंग वाढवलं की कळतं, प्रत्येक ठिपका म्हणजे चहूबाजूंनी फाटे फुटलेली एक अख्खी पेशी आहे, आणि ती स्वस्थ बसलेली नाही. एक फाटा पुढे टाकते, दुसरा आवरून घेते, सरकते. इतक्या वर्षांनंतरही हे बघताना माझा चहा गार होतो.

रंग त्वचेत असतो, म्हणून तो त्वचेतच जन्मत असेल असं कुणालाही वाटेल. पण रंगपेशी त्वचेच्या नाहीत. भ्रूणाच्या पाठीवर पेशींचा एक थर दुमडतो आणि त्याची नळी होते. तीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. नळी मिटते त्या शिवणीपाशी काही पेशी सुट्या होतात आणि चालू लागतात. विल्हेल्म हिस या शरीरशास्त्रज्ञाने 1868 मध्ये कोंबडीच्या भ्रूणात त्यांची पहिल्यांदा नोंद केली. आज आम्ही त्या भागाला न्यूरल क्रेस्ट म्हणतो. एकाच शिवणीवरून निघालेल्या या पेशी कुठे कुठे पोचतात ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. काही जबड्याची कूर्चा होतात, काही चेतातंतूंना वेढून बसतात, काही आतड्याच्या भिंतीत शिरतात आणि अन्न पुढे ढकलण्याचं काम आयुष्यभर सांभाळतात. आणि काही कातडीखाली येऊन रंग धरतात. आपल्या गालाचा सावळेपणा आणि आपल्या पोटातली हालचाल ही एका घरातून निघालेली भावंडं आहेत.

हे नातं नुसतं कल्पनेतलं नाही. 1981 मध्ये मुंबईच्या डॉ. के. एन. शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही नवजात बाळांची नोंद प्रसिद्ध केली. त्या बाळांच्या कपाळावर पांढऱ्या केसांची बट होती, भुवया आणि पापण्या पांढऱ्या होत्या, आणि आतड्याच्या मोठ्या भागात चेतापेशीच नव्हत्या. कपाळावरची बट आणि तुंबलेलं पोट ही दोन लक्षणं एकाच बाळात का यावीत? त्या आजाराच्या नावात आज वार्डनबर्ग या डॉक्टरांच्या नावाच्या जोडीला शहा हे नाव आहे. पुढे 1998 मध्ये अशा काही रुग्णांमध्ये सॉक्स-10 हे जनुक बिघडलेलं सापडलं. माशांमध्ये ज्या बिघाडाला कलरलेस म्हणतात, तोही याच जनुकातला. त्या पिल्लांच्या अंगावर रंगपेशी जवळजवळ नसतात आणि आतड्यातल्या चेतापेशीही नसतात. सॉक्स-10 नसेल तर शिवणीवरच्या पेशींना रंगाची किंवा आतड्याची वाट धरताच येत नाही. एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बाळांकडे नीट बघून जी गाठ ओळखली, तिचा धागा एका पारदर्शक माशात उलगडला.

हा मासा मुळात आपल्याच उपखंडातला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातलं संथ पाणी, ओढे, भातखाचरं हे त्याचं घर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने 1822 मध्ये गंगेतल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. पुढे तो शोभेचा मासा म्हणून जगभरच्या दुकानांत पोचला, आणि अशाच एका दुकानातून अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात, जॉर्ज स्ट्राइसिंगर यांच्याकडे आला. स्ट्राइसिंगर बुडापेस्टमध्ये जन्मले, लहानपणी कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले, आणि जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंच्या जनुकशास्त्रात त्यांनी नाव कमावलं. मग ते सगळं बाजूला ठेवून त्यांनी पाठीचा कणा असलेला, स्वस्त, भराभर वाढणारा आणि आरपार दिसणारा प्राणी शोधला. त्यांच्या टाक्यांमध्ये एक फिकट मासा होता. पट्टे होते, पण काळ्याच्या जागी सोनेरी झाक. त्याचं नाव गोल्डन. रंगावरून पिल्लाचा वारसा लगेच ओळखता येतो, म्हणून हा बदल त्यांनी खूण म्हणून वापरला. पित्याचा वारसा न घेता केवळ मातेच्या जनुकांवर वाढलेले, एकमेकांच्या हुबेहूब प्रती असलेले मासे कसे मिळवायचे, हे त्यांनी दाखवलं तेही 1981 मध्येच. मुंबईच्या त्या बाळांची हकीकत आणि ऑरेगनच्या या माशांची हकीकत एकाच वर्षी छापली गेली, आणि दोन्हींच्या लेखकांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचं कारण नव्हतं.

स्ट्राइसिंगर 1984 मध्ये गेले. त्यांचा मासा पुढे बऱ्याच लोकांनी उचलला. जर्मनीतल्या ट्युबिंगनमध्ये क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड यांनी आणि बॉस्टनमध्ये वोल्फगांग ड्रीव्हर यांनी हजारो माशांच्या जनुकांत रसायनाने बदल घडवले आणि पणतवंडांच्या पिढीत काय बिघडलं ते एकेका टाकीपाशी उभं राहून पाहिलं. 1996 च्या डिसेंबरात 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकाचा अख्खा अंक या शोधांना दिला गेला. ट्युबिंगनच्या यादीत केवळ रंगाशी संबंधित असे 285 बदल होते, किमान 94 जनुकांमधले. अशा बदलांच्या नावांवरून ती देणाऱ्या लोकांचा स्वभाव कळतो. काळा रंग नसलेला तो नेकर, म्हणजे शिंपल्याचं चकचकीत अस्तर. पट्ट्यांऐवजी ठिपके आले तो लेपर्ड. पट्टे जाडजूड झाले तो ओबेलिक्स, कारण चित्रकथेतला ओबेलिक्स तशीच विजार घालतो. पुढे बॉस्टनमध्ये दोन बदल एकत्र करून मोठेपणीही आरपार दिसणारा मासा तयार केला, त्याला कार्टूनमधल्या भुताचं कॅस्पर हे नाव मिळालं. या नावांच्या मागे एक शहाणपण आहे. एखादी गोष्ट कशी चालते हे जाणून घ्यायचं असेल तर ती कुठे मोडते ते बघावं, आणि मोडक्या गोष्टीला प्रेमाने हाक मारावी, कारण तीच आपल्याला शिकवणार असते.

लेपर्ड मासा तर एके काळी वेगळीच जात मानला गेला होता. 1963 मध्ये त्याला ब्रॅकिडॅनिओ फ्रँकी असं स्वतंत्र शास्त्रीय नाव मिळालं. मग कळलं की हा झेब्राफिशच आहे. दोन पेशींना जोडणारी सूक्ष्म दारं बनवणाऱ्या एका जनुकात बदल झालाय, एवढंच. दारं नीट उघडली नाहीत तर पट्ट्याचे ठिपके होतात. अंगावरची नक्षी पाहून एखाद्याची जात ठरवणं किती सोपं आणि किती पोकळ असतं, याचा हा मला सगळ्यात आवडणारा पुरावा.

आता पट्ट्यांकडे येते, कारण मला खरं वेड त्यांचंच आहे. पिल्लू जवळपास तीन आठवड्यांचं होतं तेव्हा बालपणीची नक्षी मोडून मोठेपणाची मांडायला सुरुवात होते. तीन प्रकारच्या पेशी कामाला लागतात. काळ्यांत मेलॅनिन असतं. पिवळ्यांत पिवळं-नारिंगी रंगद्रव्य. तिसऱ्या चंदेरी, त्यांच्यात रंगद्रव्यच नाही. पातळ स्फटिकांचे थर आहेत आणि त्यांवरून प्रकाश परततो. तो स्फटिक ग्वानिनचा असतो, आणि ग्वानिन म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक. ज्या अक्षराने वारसा लिहिला जातो त्याचाच आरसा करून मासा अंगावर मिरवतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन आले होते.

चंदेरी पेशी अंगाच्या मध्यावरून पहिल्यांदा वर येतात आणि पसरतात. काळ्या पेशींच्या पूर्वज पेशी मज्जारज्जूच्या शेजारच्या चेतागाठींपाशी दबा धरून बसलेल्या असतात. त्यांची संतती चेतातंतूंच्या वाटेने त्वचेत पोचते. आणि मग सुरू होते ढकलाढकली. आपल्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालताना ठिपके मुकाट बसून राहतात आणि रेघ कुठून न्यायची ते हात ठरवतो. इथे हात नाही. ठिपकेच उठतात, एकमेकांना हटवतात, बोलावतात, आणि त्यातून रेघ होते. पिवळी पेशी काळीला स्पर्श करते आणि काळी दूर सरते. जपानमध्ये शिगेरू कोंडो यांच्या गटाने या दोन पेशी बशीत एकत्र ठेवल्या, तेव्हा पिवळी पाठलाग करत राहिली आणि काळी पळत राहिली. त्याच गटाने आणखी एक प्रयोग केला. माशाच्या अंगावरच्या एका भागातल्या रंगपेशी लेसरने जाळल्या. काही दिवसांनी तिथे पुन्हा पट्टे आले, पण ते सरळ नव्हते. वळणं घेत, भलतीकडे निघालेले होते. म्हणजे सरळ पट्ट्याचा नकाशा कुठे काढून ठेवलेला नव्हता. पेशींना फक्त शेजाऱ्याशी कसं वागायचं एवढंच ठाऊक होतं.

याची चाहूल गणिताला आधीच लागली होती. ॲलन ट्युरिंग यांनी 1952 मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षं आधी, एक निबंध लिहिला. पसरणारी दोन रसायनं एकमेकांना वाढवत आणि रोखत असतील तर एकसारख्या पटलावर आपोआप नक्षी उमटू शकते, असं त्यात दाखवलं होतं. माशाच्या अंगावर रसायनांऐवजी जिवंत पेशी हे काम करतात, आणि त्या ट्युरिंगच्या समीकरणांपेक्षा जास्त खटपटी आहेत. डेव्हिड पॅरिची यांच्या प्रयोगशाळेत असं दिसलं की पिवळ्या पेशींची पिल्लं लांबलचक तंतू काढतात आणि त्यांच्या टोकाला निरोपाची गाठोडी असतात. ती गाठोडी काळ्या पेशींपर्यंत कोण पोचवतं? शरीरात सफाई करत फिरणाऱ्या मॅक्रोफेज पेशी. त्या तंतूचं टोक पकडतात, ओढत नेतात, काळ्या पेशीला चिकटवून पुढच्या कामाला लागतात. पट्टा म्हणजे या सगळ्या निरोपांची, हटण्याची आणि जागा देण्याची बेरीज. एकट्या पेशीला पट्टा नसतो.

मी रंगावर काम करते हे घरी सांगितलं तेव्हा आत्याने सरळ विचारलं, "म्हणजे गोरं व्हायचं औषध काढणार होय गं तुम्ही?" तिच्या विचारण्यात खवचटपणा नव्हता, आशा होती. आमच्या घरात मी सावळी, आणि आत्याही. माझ्या लहानपणी तिने मला डाळीच्या पिठात साय कालवून चोळली, ती तिच्या मायेची रीत होती. बारशाला जमलेल्या बायका बाळाच्या कानाच्या पाळीकडे बघून पुढचा रंग सांगायच्या, हे मी कितीदा ऐकलंय. गंमत म्हणजे त्या निरीक्षणात तथ्य आहे. बाळ जन्मतः बरंचसं फिकं असतं, मेलॅनिन साठायला पुढचे काही महिने जावे लागतात. माझ्या आज्या-आत्या उत्तम विकासजीवशास्त्रज्ञ होत्या. प्रश्न त्यांनी निवडलेला नव्हता, तो त्यांच्या हातात दिला गेला होता.

आत्याला मी गोल्डन माशाची पुढची गोष्ट सांगितली. स्ट्राइसिंगर यांच्या त्या फिकट माशात नेमकं काय बिघडलं होतं, हे 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात कीथ चेंग यांच्या गटाने शोधलं. जनुकाचं नाव एसएलसी-24-ए-5. ते बिघडलं की काळ्या पेशीतले मेलॅनिनचे कण कमी, लहान आणि फिके होतात. माणसात हेच जनुक आहे. माणसाच्या जनुकाची प्रत गोल्डनच्या भ्रूणात टोचली तर त्याचा काळा रंग परत येतो. गंगेकाठच्या माशाला माणसाचं जनुक चालतं, याहून जवळचं नातं ते काय! आणि माणसात या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं रूप युरोपीय लोकांत जवळजवळ सगळ्यांकडे सापडलं, तर आफ्रिकेत आणि पूर्व आशियात बहुतेकांकडे मूळचं. युरोपीय आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांमधल्या रंगाच्या फरकाचा 25 ते 38 टक्के भाग या एका अक्षराने समजावता येतो, असा त्या गटाचा अंदाज होता. पूर्व आशियातले लोकही उजळ आहेत, पण हा बदल त्यांच्यात नाही. त्यांचा उजळपणा वेगळ्या वाटेने आला. आपल्या देशात हे रूप कमी-अधिक प्रमाणात सगळीकडे पसरलेलं आहे, वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. 2013 मध्ये भारतीय लोकसमूहांच्या अभ्यासातून दिसलं की आपल्याकडचा आणि युरोपातला बदल एकाच मूळ पूर्वजाकडून आलेला आहे. आणि इथल्या रंगाच्या फरकाचा तो काही भागच समजावतो. बाकीचा कितीतरी जनुकांत आणि उन्हात विखुरलेला आहे.

"एकच अक्षर?" आत्या म्हणाली. "एका अक्षरासाठी केवढं सोसलं आम्ही!"

तिला मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला स्वतःला धीर देते. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी किती मेलॅनिन बनवतात, त्याच्या कणांचा आकार काय आणि ते शेजारच्या पेशींत कसे वाटले जातात यामुळे. मज्जारज्जूच्या शिवणीवरून निघून, पोटातल्या आणि जबड्यातल्या भावंडांचा निरोप घेऊन त्वचेपर्यंत आलेल्या त्या पेशी सगळ्यांकडे तेवढ्याच आहेत. वाट सगळ्यांची तीच. शेवटच्या टप्प्यावर कोण किती देतं, एवढाच फरक.

त्या वाटेची आठवण पेशी विसरत नाही, हेही खरं, आणि ते नेहमी सुखाचं नसतं. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात रंगपेशी पुन्हा भटकू लागते. बॉस्टनमध्ये लेनर्ड झॉन यांच्या गटाने भ्रूणातल्या न्यूरल क्रेस्टमध्येच जागं असणारं क्रेस्टिन नावाचं जनुक जागं होताच चमकेल अशी सोय माशांत केली. कर्करोगाचा धोका असलेल्या माशाच्या अंगावर एखादी एकटी पेशी चमकायची आणि त्या जागी पुढे गाठ व्हायची. लहानपणची प्रवासाची ओढ मोठेपणी भलत्या वेळी परत आली होती. गाठ दिसण्याआधी ती ओळखता येणं हा या संशोधनाचा मोठा लाभ, आणि रंगावरच्या कामाचा हाच उपयोग मी हल्ली लोकांना सांगते.

पण मला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रयोग रंगपेशींचा नाही, आवडीनिवडीचा आहे. झेब्राफिश थव्याने राहतो. कुणाच्या थव्यात जायचं हे तो डोळ्यांनी ठरवतो. 2004 मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी काही पट्टेरी पिल्लं पट्टेरी माशांबरोबर वाढवली, काही पट्टेरी पिल्लं काळा रंग नसलेल्या नेकर माशांबरोबर. नेकर पिल्लांचंही तसंच केलं. मोठी झाल्यावर त्यांना निवड दिली. प्रत्येकाने ज्यांच्यात वाढला त्यांच्याकडे जाणं पसंत केलं. स्वतः कोणत्या रंगाचा आहे याचा त्या निवडीशी संबंध नव्हता. पट्टेरी मासा नेकरांकडे ओढला जायचा, कारण डोळे उघडल्यापासून त्याने तेच आपले म्हणून पाहिले होते.

माशाच्या प्रयोगावरून माणसाबद्दल घाईने बोलू नये, हे मी विद्यार्थ्यांना पढवते. मासा रंगाला चढउतार लावत नाही, जाहिरातीत 'गोरी, सुस्वरूप' असं छापत नाही. तो फक्त ओळखीच्या दिशेने पोहतो. उंचनीच ही आपली भर. तरीही एक गोष्ट मला त्यातून घ्यावीशी वाटते. रंग कसा घडतो, त्याची सगळी यंत्रणा कातडीखाली आहे आणि आम्ही ती पेशी पेशी करून उलगडतो आहोत. रंगाची किंमत कशी ठरते, त्याची यंत्रणा मात्र कातडीखाली कुठेच सापडणार नाही, कितीही चांगला सूक्ष्मदर्शक आणला तरी. ती आजूबाजूला आहे. आत जसा शेजारी पट्टा घडवतो, तसा बाहेर शेजारीच नजर घडवतो.

आत्याला मी अखेर उत्तर दिलं. गोरं व्हायचं औषध आमच्या कामातून निघायचं नाही. समजा निघालंच काही, तर ते माशाला देण्याचं नसेल, टाकीला देण्याचं असेल. आणि आपल्या बाबतीत टाकी म्हणजे बारशाला जमलेलो आपण सगळे. त्यावर ती हसली, आणि म्हणाली की मग आधी तिच्या नणंदांपासून सुरुवात करायला हवी.